दिवाळी अंकांची यादी, अपडेट ३: त्या [1] ने घातलेला घोळ

तर मंडळी, घरातले जुने दिवाळी अंक एक्सएमएलमध्ये (टॅग म्हणजे नावाच्या खुणा लावून माहिती साठवायची फाइल) भरून झाले एकदाचे, १४० आहेत, आणि टॅग सगळे मराठीत ठेवलेत, <अंक> मध्ये <विभाग>, विभागात <लेख>. चालतं बरं का, एक्सपाथलाही (अशा फाइलमधून हवं ते शोधून काढायची भाषा) देवनागरी नावांचं वावडं नाही, फक्त डिसेंडंट, ट्रान्सलेट हे त्याचे स्वतःचे शब्द रोमनमध्येच टाइप करायचे.

म्हटलं सोप्यापासून सुरुवात करू, प्रत्येक अंकातला पहिला लेख काढू. //लेख[1] टाकलं (// म्हणजे फाइलभर कुठेही, [1] म्हणजे पहिला). आले ४१२! अर्धा तास फाइलच चाळत बसलो, अंक दोनदा भरले गेले की काय म्हणून. मग ट्यूब पेटली की तो [1] अख्ख्या यादीला लागतच नाही, तो चिकटतो फक्त शेवटच्या पायरीला, म्हणजे 'प्रत्येक घरातलं थोरलं पोर आणा' असं मी सांगत होतो आणि घर म्हणजे इथे विभाग, विभाग ४१२, झालं. सगळ्या फाइलमधला एकच पहिला हवा तर कंस घाला, (//लेख)[1]. मला हवं होतं ते //अंक/डिसेंडंट::लेख[1], डिसेंडंट म्हणजे आत कितीही खोल, त्यामुळे यात मोजणी प्रत्येक अंकापासून नव्याने सुरू होते, मधे विभाग असो नसो. आता १४० आले.

मग वर्षं. मी हौसेने वर्ष="१९८७" असं भरलेलं. //अंक[@वर्ष='१९८७'] सापडतो, अक्षराला अक्षर जुळतं ना, पण //अंक[@वर्ष < 1990] ठार रिकामं, कारण देवनागरी आकडा एक्सपाथच्या लेखी आकडाच नाही, नॅन ('नॉट अ नंबर'), आणि नॅनशी लहान, मोठं, समान यातली कुठलीही तुलना खोटीच ठरते (फक्त != तेवढं खरं). एरर पण देत नाही मेलं. तोडगा, ट्रान्सलेटने देवनागरी आकडे इंग्रजी करून घ्यायचे:

//अंक[ट्रान्सलेट(@वर्ष, '०१२३४५६७८९', '0123456789') < 1990]

२३ आले, कपाटातल्या गठ्ठ्याशी ताडून पाहिले, बरोबर आहेत.

अडलंय ते 'वाऱ्या' शब्दावर. शीर्षकात आहे तीन लेखांच्या, सापडतात दोनच. तिसऱ्यातला ऱ हा र आणि खाली नुक्ता असा दोन तुकड्यांत टाइप झालाय, दिसायला डिट्टो तोच. एक्सपाथ २.० मध्ये यासाठी फंक्शन आहे पण मी पायथॉनची एलएक्सएमएल ही लायब्ररी वापरतो, तिथे १.० च मिळतं, त्यामुळे फाइल वाचायच्या आधीच सगळा मजकूर एनएफसी (युनिकोडचं असे सुटे तुकडे जोडून एकच अक्षर करणारं रूप) करून घेणार. रविवारी बसतो.