पाण्याचा कठीणपणा: ईडीटीए टायट्रेशन शिकवताना

पाण्याचा कठीणपणा म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. धातूला धरून ठेवणारं ईडीटीए हे रसायन थेंबाथेंबाने घालून, रंग बदलेपर्यंत किती लागलं त्यावरून ते मोजायचं, हेच टायट्रेशन. इंजिनिअरिंगच्या मुलांना सूत्र पाठ असतं. अडतं ते बफरपाशी, म्हणजे पीएच टिकवून धरणाऱ्या द्रावणापाशी. ईडीटीए धातूला धरताना हायड्रोजन आयन सोडतं, म्हणजे पीएच खाली येत जातो. तो 10 वर टिकवायलाच अमोनिया-अमोनियम क्लोराइड. हे कारण फळ्यावर समीकरण लिहून आधी सांगावं, मग ब्युरेटला, म्हणजे ईडीटीए सोडायच्या मापनळीला हात.

50 मिली नमुना, 1 ते 2 मिली बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, हा रंग बदलून शेवट दाखवणारा निर्देशक. निर्देशक मिठात 1:100 खललेला ठेवा, द्रावण लवकर बिघडतं. बफर घातल्यावर पाच मिनिटांत टायट्रेशन उरकायचं, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि वाचन (ब्युरेटमधून गेलेलं ईडीटीए, मिलीमध्ये) कमी येतं.

शेवटी घाई नको. वाइनसारखा लाल रंग जांभळा होतो तिथेच बरेच जण थांबतात. लालसर झाक पूर्ण जाऊन स्वच्छ निळा दिसला पाहिजे. मॅग्नेशियमची अभिक्रिया सावकाश होते, म्हणून थेंबाथेंबात तीन-चार सेकंद जाऊ द्या. नमुन्यात मॅग्नेशियम नसेलच तर बदल धूसर दिसतो. थोडं मॅग्नेशियम-ईडीटीए घाला.

0.01 मोलर ईडीटीएचा 1 मिली म्हणजे 1 मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट. म्हणून 50 मिली नमुन्याला वाचन गुणिले 20, उत्तर कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात मिग्रॅ प्रति लिटर.