गजाला स्विंग शिकवताना: अभिजात संगीताकडून जॅझकडे

पाश्चात्त्य अभिजात संगीताचे रीतसर शिक्षण घेऊन वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत असताना मी जॅझकडे वळले, तेव्हा खरा कस उत्स्फूर्त वादनात लागेल असे मला सांगितले जात होते. प्रत्यक्षात स्वर सुचण्यापेक्षा उजव्या हातातल्या गजाला, म्हणजे व्हायोलिनच्या बोला, नवी लय शिकवणे कितीतरी अवघड गेले.

गजाची दिशा बदललेली कानाला कळू नये यासाठी अभिजात वादक वर्षानुवर्षे मेहनत घेतो, आणि जोर द्यायचा तो बहुधा मात्रेच्या आरंभी देतो. स्विंगमध्ये, म्हणजे जॅझच्या हिंदोळत्या लयीत, मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड असतो आणि वजन पुष्कळदा त्या आखूड स्वरावर पडते. म्हणून मी गज मात्रेवर न बदलता दोन मात्रांच्या मधल्या स्वरावर बदलू लागले आणि तो स्वर पुढच्या मात्रेवरील स्वराशी एकाच गजात जोडू लागले. मेट्रोनोम या लय मोजणाऱ्या यंत्राचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो असे धरून एखादे साधे सप्तक याच रीतीने घोटायचे, हा माझा नित्याचा रियाझ झाला. संथ लयीत हे लवकर साधते, पण लय चढली की हात जुन्या वळणावर जातो. त्यामुळे लय अगदी थोडी थोडी वाढवणे हाच मार्ग उरतो. व्हायब्रेटोचे मात्र लवकर जमले: स्वर आधी सरळ धरायचा आणि कंपन दिलेच तर शेवटी द्यायचे.

डाव्या हाताची अडचण वेगळी होती. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन यांच्या सोयीमुळे जॅझमध्ये बी फ्लॅट, ई फ्लॅट अशा पट्ट्या सतत येतात. ई फ्लॅटमध्ये व्हायोलिनच्या ए आणि ई या दोन्ही मोकळ्या तारा पट्टीबाहेर पडतात, आणि बोटांची अंगवळणी पडलेली मांडणी नव्याने बसवावी लागते. बारा मात्राखंडांच्या ब्लूजमध्ये (जॅझमधला एक मूलभूत साचा) प्रत्येक कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहाचा, फक्त तिसरा आणि सातवा स्वर वाजवत पुढे जायचे, हा सराव मला सर्वांत फलदायी वाटला, कारण सोबतीला पियानो नसतानाही त्या दोन स्वरांतून कॉर्ड बदलल्याचे स्पष्ट ऐकू येते.

स्वरलिपी बाजूला ठेवून ध्वनिमुद्रणे ऐकणे, ऐकलेले आधी गाणे आणि मगच वाजवणे, यातून खरे शिक्षण झाले. व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली आणि गिटारवादक जँगो राइनहार्ट यांनी 1934 मध्ये पॅरिसमध्ये उभ्या केलेल्या पंचकात ड्रम नव्हते. गिटार आणि बास यांच्यावर व्हायोलिन मोकळे तरंगते. जॅझ व्हायोलिनवादक स्टफ स्मिथ यांनी 1930 च्या दशकातच व्हायोलिनला विद्युत ध्वनिवर्धनाची जोड दिली, आणि त्यांचा गज ट्रंपेटसारखा ठोसपणे बोलतो. ड्रमसोबत वाजवायला लागल्यावर पिकअपची (व्हायोलिनचा नाद ध्वनिवर्धकाकडे नेणाऱ्या उपकरणाची) गरज मलाही लगेच पटली.

व्हायोलिनवादक एडी साउथ यांच्याविषयी मला विशेष आदर वाटतो. अभिजात संगीताची उत्तम तालीम असूनही कृष्णवर्णीय असल्यामुळे अमेरिकेत त्यांना त्या क्षेत्राची दारे बंद राहिली. 1937 मध्ये त्यांनी ग्रापेली आणि राइनहार्ट यांच्यासह बाखच्या डी मायनरमधील दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्तोचा पहिला भाग स्विंगमध्ये ध्वनिमुद्रित केला. बाखची चाल आणि जॅझची लय किती सहज एकत्र नांदतात हे मला त्या मुद्रणाने पटवून दिले. दोन्ही प्रकारांत एकल स्वरपंक्तीखाली कॉर्ड वाहत असतात, आणि जॅझ शिकल्यानंतर बाख वाजवताना त्या मला आधीपेक्षा स्पष्ट ऐकू येतात.

दोन्ही प्रकारचे कार्यक्रम लागोपाठ आले, तर मी मधल्या काळात लांब, सलग गजाचे अभ्यास पुन्हा करते. फ्रेंच संगीतकार राव्हेलच्या 1927 मध्ये पूर्ण झालेल्या व्हायोलिन सोनाटाच्या दुसऱ्या भागाला त्याने स्वतःच ‘ब्लूज’ असे नाव दिले आहे. तिथे मात्र घसीट त्याने लिहिली आहे तेवढीच घ्यायची, आपल्या पदरची एकही मिसळायची नाही, असे मी ठरवले आहे.