तुम्ही विचारलंत म्हणून : फेअरपोर्टची 'मूळ' माणसं कोणती?

फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश फोक-रॉक बँडचं काही ऐकायला पाठवलं की दोन-चार दिवसांत ठरलेला प्रश्न येतो. यांची मूळ लाइनअप कोणती, आम्हाला तीच ऐकायची आहे. जरा खोलात गेलेले पुढचं विचारतात : एवढी माणसं आली नि गेली, मग याला एकच बँड का म्हणायचं?

मूळ लाइनअप हवीच असेल, तर ती एका कार्यक्रमापुरती टिकली. २७ मे १९६७ ला लंडनच्या गोल्डर्स ग्रीन भागात एका चर्चच्या हॉलमध्ये त्यांनी पहिल्यांदा वाजवलं. बेसवर अ‍ॅशली हचिंग्ज, गिटारवर सायमन निकोल आणि रिचर्ड थॉम्पसन, ड्रम्सवर शॉन फ्रेटर. श्रोत्यांत मार्टिन लँबल नावाचा एक पोरगा होता. याच्यापेक्षा मी बरा वाजवीन, असं त्याने या मंडळींना पटवलं आणि फ्रेटरची जागा घेतली. त्या चौघांची म्हणून एकही रेकॉर्ड निघालेली नाही. बँडचं नावसुद्धा कुणा माणसाचं नाही. निकोल कुटुंबाच्या ज्या घरात तालमी चालायच्या त्या घराचं नाव 'फेअरपोर्ट' होतं.

आणि खरी मेख पुढे आहे. ही सुरुवातीची मंडळी फोक बँड नव्हतीच. अमेरिकन गाणी, अमेरिकन धाटणी, गायला ज्युडी डायबल आणि इयन मॅथ्यूज. इंग्लंडची जुनी लोकगीतं बँडमध्ये शिरली ती १९६८ मध्ये डायबलच्या जागी सँडी डेनी आल्यावर. (लेड झेपेलिन या रॉक बँडच्या चौथ्या अल्बमवर त्यांचा गायक रॉबर्ट प्लांटबरोबर जिचा आवाज आहे, तीच ही.) डेनी फोक क्लबांमध्ये गाऊन तयार झालेली होती, ही गाणी तिला मुखोद्गत होती. गायिका हवी म्हणून तिला घेतलं आणि तिच्याबरोबर गाण्यांचं गाठोडंही आलं.

त्यातलं एक म्हणजे 'अ सेलर्स लाइफ'. १९६९ च्या 'अनहाफब्रिकिंग' अल्बममधलं, अकरा मिनिटांचं. मी स्वतः हौशी व्हायोलिनवाला, त्यामुळे माझा कान पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. सुरुवातीला ठेका असा नाहीच. लँबल झांजा नुसत्या थरथरवत ठेवतो, गिटार एका सुराला धरून बसते आणि डेनी घाई न करता ओळी मांडत जाते. मग हळूहळू गती येते, शब्द संपतात आणि थॉम्पसनची गिटार व डेव्ह स्वॉरब्रिकचं व्हायोलिन एकमेकांना भिडतात. स्वॉरब्रिक तेव्हा केवळ पाहुणा होता. निर्माता जो बॉइडने त्याला बोलावलं होतं. वयाने तो या पोरांपेक्षा मोठा आणि लोकसंगीतात आधीच नावाजलेला. पाहुणा ऐकताना वाटत मात्र नाही. घर आपलंच असल्यासारखा वावरतो.

हा अल्बम बाजारात येण्याआधीच घात झाला. १२ मे १९६९ च्या पहाटे कार्यक्रमाहून परतताना एम-वन महामार्गावर बँडच्या व्हॅनला अपघात झाला. त्यात मार्टिन लँबल गेला, जेमतेम एकोणीस वर्षांचा. थॉम्पसनची मैत्रीण जिनी फ्रँकलिनही गेली. बँड मोडायच्या बेतात होता. पुढे जायचं ठरलं तेव्हा एक गोष्ट पक्की केली, की लँबलबरोबर वाजवलेली जुनी गाणी आता वाजवायची नाहीत. म्हणजे हातात काही उरलंच नाही. ती पोकळी भरायला इंग्लंडची लोकगीतं आली. हचिंग्ज लोकगीतांच्या संग्रहांत डोकं खुपसून बसला, स्वॉरब्रिक कायमचा बँडमध्ये आला, आणि ड्रम्सवर डेव्ह मॅटॅक्स. हा डान्स बँडमध्ये वाजवणारा, लोकसंगीताशी संबंध जवळपास शून्य. म्हणूनच तो बेतशीर वाजवतो आणि व्हायोलिनला मोकळी जागा ठेवतो, असं मला वाटतं.

त्यातून डिसेंबर १९६९ मध्ये 'लीज अँड लीफ' निघाला. २००६ मध्ये बीबीसी रेडिओ २ च्या श्रोत्यांनी आजवरचा सर्वांत प्रभावी फोक अल्बम म्हणून त्याला कौल दिला. तुम्ही ज्याला 'खरा फेअरपोर्ट' समजता तो बहुधा हाच. पण अल्बम दुकानात पोचेपर्यंत त्यातली दोन माणसं बाहेर पडली होती, तीही विरुद्ध दिशांना. हचिंग्जला आणखी अस्सल परंपरेकडे जायचं होतं. त्याने पुढे 'स्टीलआय स्पॅन' हा बँड उभा केला. डेनीला स्वतःची गाणी लिहायची-गायची होती, तिने 'फोदरिंगे' हा बँड काढला.

मला सर्वांत जास्त रस आहे तो याच्या पुढच्या वर्षात, आणि याबद्दल कुणी विचारत नाही. बँडमध्ये आता आघाडीचा गायकच नव्हता. दुसरी डेनी शोधण्याच्या फंदात ते पडले नाहीत. बेससाठी बर्मिंगहॅमचा डेव्ह पेग घेतला, गाण्याची जबाबदारी स्वॉरब्रिक आणि थॉम्पसनने वाटून घेतली, आणि उरलेली जागा वाद्यांनी भरून काढली. १९७० चा 'फुल हाउस' ऐका. त्यात नाचाच्या धूनांची एक मालिका आहे. व्हायोलिन सुसाट निघालंय आणि पेगचा बेस खाली नुसता आधार देत बसलेला नाही, मधूनच तीच धून तो व्हायोलिनच्या बरोबरीने वाजवतो. जाड तारांवर त्या वेगाने बोटं फिरवणं काय असतं ते एकदा करून बघा. डेनी असती तर या वादनाला अल्बममध्ये एवढा वाव मिळाला असता असं मला वाटत नाही. गेलेल्या माणसाने मोकळी केलेली जागाच पुढचा बाज ठरवते, हे फेअरपोर्टच्या बाबतीत पुन्हा पुन्हा घडलं. त्यामुळे मूळ कोण होतं यापेक्षा त्या-त्या वेळी कोण गेलं होतं हे विचारणं जास्त उपयोगाचं.

त्यानंतरची सत्तरी भराभर सांगतो, कारण ती तशीच गेली. १९७१ च्या सुरुवातीला थॉम्पसन गेला, वर्ष संपता संपता निकोलही गेला, आणि संस्थापकांपैकी एकही जण उरला नाही. बँड चालूच. १९७४ मध्ये डेनी परतली, पुन्हा गेली. निकोल १९७६ मध्ये परतला. मॅटॅक्सच्या ये-जा तर मोजायच्या पलीकडे. विजेवरच्या वाद्यांच्या वर्षानुवर्षांच्या दणदणाटाने स्वॉरब्रिकचे कान बिघडले आणि ४ ऑगस्ट १९७९ ला ऑक्सफर्डशरमधल्या क्रॉप्रेडी गावात निरोपाचा कार्यक्रम झाला. निरोप कसला, पुढे दरवर्षी त्याच गावात जमायला लागले आणि त्याचाच मोठा महोत्सव झाला.

१९८५ मध्ये बँड पुन्हा रीतसर उभा राहिला, तेव्हा स्वॉरब्रिक आला नाही. त्याचा स्वतःचा 'व्हिपरस्नॅपर' हा बँड होता. व्हायोलिन रिक सँडर्सकडे आलं, आणि गाणं आलं सायमन निकोलकडे. पहिल्या दिवसापासूनचा हा माणूस तोवर मुख्यतः गिटार वाजवत मागे उभा असायचा. पुढचे सगळे एकेक करून गेल्यावर तो आघाडीचा गायक झाला. खर्जातला, सावकाश गाणारा. डेनीच्या वाटेला तो जात नाही हेच बरं. नव्वदीत क्रिस लेस्ली आला, तो स्वॉरब्रिकच्याच 'व्हिपरस्नॅपर'मधून. आणि २०२२ मध्ये ड्रम्सवर परत आला तो कोण? डेव्ह मॅटॅक्स.

हे मी कुणाला समजावायला लागलो की समोरचा वैतागून म्हणतो, ते सगळं राहू द्या, आधी काय ऐकू ते सांगा. 'अ सेलर्स लाइफ' ऐका, मग लगेच 'फुल हाउस' लावा, 'लीज अँड लीफ' त्यानंतर. क्रम उलटा केलात तर 'फुल हाउस'मध्ये तुम्ही सारखी डेनी शोधत बसाल, आणि पेगचा बेस तुमच्या कानांवरून तसाच निघून जाईल.