यवत ते वरवंड

संत तुकाराम महाराजांच्या पालखीबरोबर यवत ते वरवंड हा एकच टप्पा मी चालले. माझे माहेर नगर जिल्ह्यातले, चार पिढ्यांचे ख्रिस्ती घराणे. ना. वा. टिळकांचे अभंग आमच्या उपासनेत टाळ-पेटीवर म्हटले जातात आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत, हेही आम्हाला लहानपणापासून ऐकून ठाऊक असते. तरी वारीत पाऊल टाकण्याचा प्रसंग आमच्यापैकी फारसा कोणावर येत नाही. माझ्यावर तो आला धाकट्या बहिणीमुळे.

ती कंत्राटी परिचारिका होती. कोविडच्या दुसऱ्या लाटेत कामावर असतानाच तिला लागण झाली आणि ती गेली. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमा संरक्षण जाहीर झाले होते, परंतु नियुक्तीपत्रावरची तारीख आणि हजेरीपट यांचा मेळ बसत नाही, एवढ्या कारणावरून तिचा प्रस्ताव परत आला, आणि दुसऱ्यांदा दिला तेव्हा तो पुन्हा परत आला. तिची मुलगी आता माझ्याकडे असते. भेटायला येणारी आमची माणसे प्रार्थना करत आणि उठताना ‘देवाची काहीतरी योजना असेल’ असे म्हणून जात. प्रेमानेच म्हणत, मला मात्र ते वाक्य कार्यालयाच्या शेऱ्यासारखे वाटू लागले होते. दरवर्षी वारीला जाणाऱ्या आमच्या शेजारीणबाई एवढेच म्हणाल्या, “एक दिवस चला आमच्या दिंडीत. तिथं कुणी समजूत घालत नाही.”

यवतच्या मुक्कामी पिठलं-भाकरीची पंगत असते. भाकऱ्या गावातल्या घराघरांतून येतात, त्यामुळे एकाच पंगतीत कोणाच्या हाती पातळ पापुद्र्याची, तर कोणाच्या हाती काठाला चिरलेली, जाड, एका अंगाला करपलेली भाकरी पडते. माझ्या वाट्याला करपलेली आली. त्यावर पिठलं इतके कढत वाढले गेले की भाकरी या हातातून त्या हातात करत खावी लागली. शेजारी बसलेल्या परभणीकडच्या आक्का माझ्याकडे पाहून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआपच त्या माझ्या जोडीने चालू लागल्या.

त्यांचा मुलगा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला होता. मी बहिणीचे सांगितले तेव्हा त्यांनी कारण विचारले नाही, उपाय सुचवला नाही. “मी तर भांडते त्याच्याशी,” त्या विठ्ठलाबद्दल म्हणाल्या, “तुकोबाही भांडायचेच की.” हे खरे आहे. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी ‘अन्न अन्न’ करीत गेली, हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे, आणि त्या घावाला त्यांनी कोठेही गोड आवरण घातलेले नाही.

माझ्या पवित्र शास्त्रातही हेच आहे. उपासनेत ते आम्ही भराभर वाचून पुढे जातो, इतकेच. ईयोबाचे मित्र प्रथम सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते मित्र होते. तोंड उघडून त्यांनी त्याच्या दुःखाचे कारण सांगायला सुरुवात केली, आणि शेवटी परमेश्वर रागावला तो त्या कारणे सांगणाऱ्यांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून जे १८ जण मेले, ते इतरांहून अधिक अपराधी नव्हते, असेही त्यानेच सांगितले. आणि वधस्तंभावर तर त्याने स्वतःच ‘तू माझा त्याग का केलास?’ असे विचारले. त्या प्रश्नाला शुभवर्तमानात शब्दांनी उत्तर मिळत नाही. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडते, पण उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे व्रण तसेच असतात आणि थोमाला तो तेच दाखवतो. झाले ते झालेच नाही असे भासवणारी आशा मला नको होती. ही चालण्यासारखी होती.

चौफुल्याला दिंडी थोडी विसावली. तिथून केडगावकडे रस्ता फुटतो. “त्या अंगाला काय आहे?” आक्कांनी विचारले आणि मी त्यांना पंडिता रमाबाईंची हकिगत सांगू लागले. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत बायकामुलांसह तीर्थामागून तीर्थ पायी हिंडत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. आईला उचलायला पुरेसे खांदे मिळेनात, म्हणून रमाबाई स्वतः पुढे झाल्या, आणि उंची कमी पडल्यामुळे तिरडीचा भार त्यांनी डोक्यावर घेतला. १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पटकीने पती गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

“मग पुढं बरं झालं का तिचं?” आक्कांनी विचारले. तसे झाले नाही. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये, आईच्या आधी गेली. रमाबाई पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ रोजी. मात्र १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा या बाई तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व विधवा घेऊन आल्या, आणि केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ ही निराधार बायकामुलींची संस्था उभी राहिली. आपले लोक उपाशी का मेले, याचे उत्तर त्यांना मिळाले होते असे मला वाटत नाही. परंतु देव भुकेच्या बाजूचा नाही, याबद्दल त्यांच्या मनात शंका नसावी. नाहीतर स्वतःचा दुष्काळ आठवत असताना दुसऱ्या दुष्काळात शिरण्याचे बळ कोठून येणार?

आक्का थोडा वेळ चालत राहिल्या, मग म्हणाल्या, “आईबाप पायी हिंडत मेले. म्हणजे वारकऱ्याचीच लेक की ती.” मी याला हरकत घेतली नाही. लगेच त्यांनी विचारले, “आणि तुझ्या बहिणीचे कागद? ते तसेच पडलेत?”

पडलेच होते. दोनदा नकार आल्यावर मी ती फाइल कपाटात टाकली होती आणि या टाकण्यालाच देवाच्या इच्छेपुढे मान तुकवणे समजत होते. वरवंडच्या मुक्कामावर टेकल्याबरोबर मी भाचीला फोन करून हजेरीपटाच्या मूळ नोंदवहीची प्रत मागायला सांगितले. तिने तो अर्ज त्याच आठवड्यात दिला, मी अपील लिहिले. निकाल अजून लागलेला नाही. उपासनेत आता बहिणीचे नाव घेताना मी ‘न्याय दे’ असेही म्हणते आणि काही जणांना ते खटकते. पंढरपूरहून परतल्यावर आक्कांचा फोन आला, तेव्हा ख्यालीखुशालीच्या आधी त्यांनी अर्जाची पोच मिळाली का, हेच विचारले.