पानं उडवायचं मशिन आणि बाबांची चेतक

फेब्रुवारीत ठाण्याला आलं की पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीचं अंगण बदामाच्या लालभडक पानांनी भरलेलं असतं आणि सकाळी सहाला खराट्याच्या आवाजाने जाग येते. परवा सेक्रेटरी काका म्हणाले, "तुमच्याकडे ते पानं उडवायचं मशिन असतं ना? येताना एक आणायचंस की."

काका, त्या मशिनने माझी बोटं जायची वेळ आणली होती.

न्यू जर्सीत ऑक्टोबर सरता सरता ओक आणि मेपल पानं टाकू लागतात. पहिल्या वर्षी दाताळ्याने ओढून ओढून कंबर धरली, म्हणून पेट्रोलवरचा ब्लोअर घेतला. नळी बदलली की तोच व्हॅक्यूम होतो: पानं खेचतो, पंख्याने त्यांचा चुरा करतो आणि खांद्याला अडकवलेल्या पिशवीत भरतो.

इंजिन टू-स्ट्रोक. पुस्तिकेत पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ लिहिलेलं. मी ठाण्याला फोन लावला. बाबांनी जन्मात ब्लोअर पाहिला नव्हता, पण चेतक वीस वर्षं चालवली होती. "लिटरला २० मिली! पंपावर टू-टी ऑइल टाकून स्कूटर हलवायचो, विसरलास?" या इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमधल्या तेलातूनच. नुसतं पेट्रोल भरलं की पिस्टन जाम. (काही मशिनना ४०:१ लागतं, तेव्हा पुस्तिका बघाच.) पेट्रोल इंजिन थंड झाल्यावरच भरायचं, नंतर तिथून तीनेक मीटर लांब जाऊन सुरू करायचं. गॅरेजमध्ये तर कधीच नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सीझन संपला की टाकी रिकामी करायची, नाहीतर इथेनॉल ओलावा धरतं आणि पुढच्या वर्षी कार्बोरेटर रुसतो.

बोटांची गोष्ट नोव्हेंबरातली. रात्री पाऊस झालेला, पानं ओली, व्हॅक्यूम तुंबला. बाबा व्हिडिओ कॉलवर, फोन पायरीवर टेकवलेला. मी इंजिन बंद केलं, नळी काढली आणि हात आत घालणार, तोच पायरीवरून ओरडा आला, "अरे गाढवा, पंखा थांबलाय का बघ! आधी प्लगची टोपी काढ!" पंखा खरंच अजून फिरत होता. त्यानंतर ओली पानं मी दाताळ्यानेच ओढतो.

पिशवीची चेन उघडी असताना सुरू केलं तर आतला खडा गोळीसारखा बाहेर येतो. जळतं थोटूक आत गेलं तर पिशवी पेटते. गॉगल, बूट, फुल पँट हवीच. ओढणी, मफलर घरी. कानांना इअरमफ, कारण कानाशी आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. उगाच नाही वॉशिंग्टन डीसीने २०२२ पासून पेट्रोलच्या ब्लोअरवर बंदी घातली. माझाही हा मोडला की पुढचा बॅटरीचा.

"आणि चालवताना आसपास पंधरा मीटरपर्यंत कुणी नको," मी म्हणालो. आमच्या अंगणात पंधरा मीटर म्हणजे थेट गेटबाहेरची भाजीची गाडी.

काका जरा विचारात पडले. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण पानं उडवून टाकायची कुठे?"

तिकडे आम्ही रस्त्याच्या कडेला ढीग लावतो, ठरलेल्या दिवशी गावाची गाडी नेते. मी कंपाउंडच्या भिंतीकडे पाहिलं. पलीकडे दुसरी सोसायटी, आणि तिचे सेक्रेटरी म्हणजे आमच्या काकांचे व्याही.