पुडीवरचं नाव

काल इथल्या यीसांगनी सासूबाईंना औषध द्यायला चक्क नकार दिला. रात्रभर मी तोच विचार करत होते.

यीसांग म्हणजे हाँगकाँगचे वैद्य. दोन वर्षांपूर्वी माझा कोरडा खोकला काही केल्या हटेना, तेव्हा शेजारच्या पोपो (आजी) मला हाताला धरून त्यांच्याकडे घेऊन गेल्या. चिठ्ठी मिळाली की औषध घ्यायला शेउंग वानची को शिंग स्ट्रीट. गल्लीत शिरताच वाळलेल्या संत्र्याच्या साली आणि ज्येष्ठमधाचा वास. दुकानात भिंतभर लाकडी खण. मुलगा चिठ्ठी वाचत एकेक खण ओढतो, दांडीच्या इवल्याशा तराजूवर तोलतो आणि काउंटरवर पसरलेल्या तीन कागदांवर तीन दिवसांचे वाटे घालत जातो. शेवंतीची फुलं, ज्येष्ठमध, पुदिना. मातीच्या भांड्यात तीन वाट्यांची एक वाटी होईपर्यंत आटवायचं, लोखंडाचं भांडं नको, पुदिना अगदी शेवटी. आपला काढा तरी दुसरा काय असतो? शिवाय कडू घोटावर तोंडात टाकायला शानझा फळाच्या आंबटगोड चकत्यांची पुडीही देतात.

म्हणून सासूबाईंचे गुडघे धरले तेव्हा मीच म्हटलं, "आई, चला, दाखवून येऊ." यीसांगनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, जीभ पाहिली. आई खूश. "आपल्यासारखंच बघतात गं," म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, रोजच्या गोळ्या कोणत्या? आईंच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, त्यामुळे वॉरफरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध, चालू आहे. मी गोळ्यांची पट्टी पुढे केली आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. दोंगक्वाय नाही, दानसाम नाही. या मुळ्यांनी वॉरफरिनचा परिणाम वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. मी म्हटलं, निदान चोळायला तेल? तेही नाही. त्यातलं मिथाइल सॅलिसिलेट कातडीतून रक्तात उतरतं. गरम मिठाची पोटली शेका, एवढंच सांगितलं.

इथं १९९९ मध्ये चिनी औषधांसाठी कायदा झाला. वैद्यांची नोंदणी होते, ३१ विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे. म्हणून सगळं आलबेल आहे असं नाही. कोपऱ्यावरच्या टपरीत 'चोवीस चवी' नावाचा काळाकुट्ट काढा कुणालाही, काही न विचारता मिळतो, आणि दमट दिवसांत मीही तो पिते. आपल्या वैद्यांना कमी लेखलेलं मला खपणार नाही. साडेपाच वर्षं शिकतात ते. माझ्या आत्याची कावीळ, माझी बाळंतपणं, सगळं आयुर्वेदावर निभावलंय.

पण गेल्या वर्षीचं विसरता येत नाही. गावी आईंच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) ७ वर गेला. इस्पितळातल्या डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेता? आमच्याकडे चार पांढऱ्या पुड्या. वरती फक्त "सकाळ" आणि "रात्र". वैद्यांना फोन लावला, तर म्हणाले, घराण्यातलं औषध आहे, नाव सांगत नाही. रक्त थांबेना आणि समोरून हे उत्तर! त्या माणसाचा मला आजही राग येतो. इथं माझ्या साध्या खोकल्याच्या चिठ्ठीवर प्रत्येक काडीचं नाव आणि वजन लिहिलेलं असतं. कुठल्याही डॉक्टरपुढे ठेवता येते ती. ज्ञान आपल्याकडेही आहे, मग नाव लिहायला एवढं का जड जावं?

घरी आल्यावर आई बराच वेळ गप्प होत्या. जेवणं झाल्यावर बॅगेतून एक पुडी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. "गुडघ्यांना बरं वाटतं म्हणून परत आणली होती. रोज घेत होते."

उद्या सकाळी आयएनआर तपासायला जायचंय. पुडी पाकिटात घालून ठेवली आहे. तिच्यावर "रात्र" एवढंच लिहिलंय.