उसानिसिनुरू म्हणजे प्रकाशसंश्लेषण

गेल्या मंगळवारी एका कागदावर शिक्का हवा होता म्हणून इथल्या, म्हणजे टांझानियातल्या दार-ए-सलाममधल्या, एका सरकारी कार्यालयात गेले. खिडकीशी पोचले आणि घाईघाईने इंग्रजीत कामाचं बोलायला लागले. पलीकडच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "हबारी झा असुबुही?" सकाळ कशी आहे, असं विचारलं आणि माझं उत्तर येईपर्यंत कागदाला हात लावला नाही. वयाने त्या माझ्याहून मोठ्या. खरं तर मीच आधी "शिकामो" म्हणायला हवं होतं. मोठ्यांना करायचा हा नमस्कार, त्यावर मोठे "मराहाबा" म्हणतात.

माझ्या मागे एक म्हातारबाबा होते. त्यांचा अर्ज स्वाहिलीत, भिंतीवरच्या सूचना स्वाहिलीत. कुठलीशी तारीख चुकली होती, त्यावरून ते तावातावाने भांडले आणि दुरुस्त करून घेऊनच गेले. मला आमचे अण्णा आठवले. कऱ्हाडला बँकेत जाताना फॉर्म भरायला ते मला सोबत न्यायचे. चौथी शिकलेले, पण हिशेबात एका पैशाची चूक नाही. तरी त्या इंग्रजी कागदापुढे अंग चोरून उभे राहायचे. त्या दिवसापासून हे दोघे म्हातारे माझ्या डोक्यातून जात नाहीत.

या देशात शंभराहून जास्त भाषा आहेत. 1961 साली टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला तेव्हा नेते होते ज्युलियस न्येरेरे. लोक त्यांना आजही 'म्वालिमू' म्हणजे गुरुजी म्हणतात. त्यांची मायबोली झनाकी, एका लहानशा जमातीची. त्यांनी सगळ्या देशाला बांधायला धरली ती किनाऱ्यावरची स्वाहिली, आणि 1963 मध्ये शेक्सपिअरचं 'ज्युलियस सीझर' स्वतः तिच्यात आणलं. सगळं श्रेय त्यांचंच नाही. जर्मनांनी कारभारात स्वाहिली वापरली होती, इंग्रजांच्या काळात झांझिबारच्या बोलीवरून तिचं प्रमाण रूप ठरलं. पण राज्यकर्त्यांच्या सोयीची भाषा लोकांनी आपली करून घेतली, याचं मला फार कौतुक वाटतं. शिवाय तिच्यात गारी, दुका, पेसा, बिमा हे आपल्याकडून गेलेले शब्द भेटतात. बाजारात ते कानावर पडले की परकं वाटत नाही.

मग आमच्या इमारतीच्या अस्करीचा, म्हणजे राखणदाराचा, मुलगा भेटला. सरकारी शाळेत सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत, आणि माध्यमिकला गेल्यावर एकदम सगळे विषय इंग्रजीत. जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन तो जिन्यात बसला होता. फोटोसिंथेसिसपाशी अडलेला. मी पान, सूर्य, हवा असं काढून दाखवलं तर म्हणाला, "आह, उसानिसिनुरू!" त्याला सगळं येत होतं. गेल्या वर्षी येत होतं, यंदा भाषेपायी येईनासं झालं. याचा मला भयंकर राग आला. देशाला भाषेने उभं केलं, तर मग पोराला अर्ध्या वाटेवर का सोडता?

आपल्याकडे असं नाही, हे मी त्याला अभिमानाने सांगितलं. बालभारती 1967 साली सुरू झाली. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत शिकता येतं, मी स्वतः तशीच शिकले आणि माझं काही अडलं नाही. माझी लेक इंग्रजी शाळेत आहे ही गोष्ट वेगळी. दर तीन वर्षांनी बदली होणाऱ्या घरात दुसरा मार्ग नसतो. घरात आम्ही मराठीच बोलतो, श्लोकही म्हणतो.

"आई, पण मराठीत काय म्हणतात त्याला?" लेकीने विचारलं. तिला माहीत नव्हतं. प्रकाशसंश्लेषण, मी म्हणाले. तिने दोनदा म्हणून पाहिलं, दोन्हीदा अडखळली.

आता संध्याकाळी दोघं आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसतात. एका वहीत तीन रकाने आखलेत. काल मूळ, म्झिझी आणि रूट झालं. आज पेशी घ्यायची आहे.